अर्धलीनं घेतलेली म्हातारी

त्या वर्षी हिंगोलीच्या दसऱ्यातल्या कुस्त्या मी बघितल्या नाहीत. मिसरूड फुटल्यापासून एकही साल चुकवलं नव्हतं. पण त्या साली आमच्या गल्लीतच कुस्ती लागली होती, आणि पैलवान होती सत्तरी ओलांडलेली, मांडीत लोखंडी सळई घातलेली एक बाई. ती सोडून मी दुसरीकडं कुठं जाणार?

ती बाई म्हणजे सत्यभामाबाई. माझा जोडीदार रामकिशन, त्याची बायको. रामकिशन आणि मी एकाच आखाड्यातली माती अंगाला लावली, एकाच माळावर मेंढरं चारली. तो वारला, लेक अंगद बायको सुकन्याला घेऊन नोकरीला वाळूजला गेला, आणि वहिनी घरात एकटी राहिली. एकटी म्हणजे दोन शेळ्या धरून. कनेरगाव नाक्यावरून वाशिमकडे ट्रक पळतात, त्या सडकेच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. मधे वहिनीचं घर, भिंतीला भिंत लागून चाँदबीचं, आणि समोर माझं.

आदल्या हिवाळ्यात वहिनी शेणाची पाटी घेऊन जाताना घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं. अंगद तिथूनच तिला वाळूजला घेऊन गेला. पण पाडव्याच्या आत ती परत आली. तिकडं रोज उठून एकच बोलणं, मला माझ्या घरी नेऊन घाला. शेवटी अंगदनं आणून सोडली, तेही एका भरवशावर. भरवसा म्हणजे राधिका.

हिंगोलीच्या एका संस्थेनं तेव्हा गावोगावच्या बायांना शिकवून तयार केलं होतं. घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची, म्हणजे ज्याचं त्याला त्याच्या घरीच राहता यावं. आमच्याकडची राधिका त्यातलीच. सायकलवर यायची, पिशवीत बीपीचं मशीन, गोळ्यांची डबी. गावात तिला ‘म्हाताऱ्यांची बाई’ म्हणत. स्वभावानं इतकी गोड की तिनं हात धरला की अर्धं दुखणं पळायचं.

आणि घोटाळा तिथंच झाला.

आमच्याकडे सून उभी असताना सासूनं तांब्या उचलला तर सुनेची लाज जाते. राधिका सत्यभामाबाईला मावशी म्हणायची, पण वागायची सुनेसारखी. तोंड धुवायला पाणी हातात. अंघोळ पाटावर बसवून. वेणी राधिका घालणार, भाकरी राधिका थापणार. ती गेली की चाँदबी येऊन पाय दाबणार. उरलंसुरलं गल्लीतल्या बाया करणार. सगळ्यांना पुण्य पाहिजे होतं. मी सुद्धा रोज संध्याकाळी वहिनीला दोन्ही बगलांत हात घालून उचलायचो आणि ओसरीवर आणून ठेवायचो, धान्याचं पोतं ठेवावं तशी.

पोळ्याच्या दिवशी अंगद न सांगता आला. बघतो तर आई भिंतीला टेकून बसलेली आणि राधिका तिला पुरणपोळीचा घास भरवून राहिलेली.

अंगद उंबऱ्यातच थांबला. “आई, हात मोडलाय का तुझा?”

“न्हाई रे. हात कशाला मोडंल?”

“मग घास काहून भरवावा लागतो?”

वहिनीनं राधिकाकडं बघितलं, राधिकानं जमिनीकडं. मी बाजेवर होतो, मी आढ्याकडं.

“उठून दाखव बरं,” अंगद म्हणाला.

वहिनी उठायला गेली. खरं सांगतो, तिला जमलं नाही. पाय लाकडासारखे झाले होते. पाडव्याआधी आली तेव्हा काठीवर दारापर्यंत जात होती, आणि आता आमच्या सगळ्यांच्या मायेनं तिला पार बसवून टाकलं होतं.

अंगद वाईट पोरगा नाही. डोळ्यांत पाणी आणून बोलला, “हे एकटं राहणं म्हणायचं का, काका? उद्या ही बाई आजारी पडली, चाँदमावशी पाहुण्याला गेली, तर आई जागेवरच मरंल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी जीप घेऊन येतो. सामान बांधून ठेवा. घराला कुलूप.”

कुलूप म्हटल्यावर वहिनीचा चेहरा असा झाला की मला राहवलं नाही. मी बोलून गेलो, “अन् तिनं समदं एकटीनं करून दाखवलं तर?”

“कोण, आई?”

“व्हय. सकाळपासून दिवा लागेपर्यंत. उठणं, अंघोळ, सैपाक, शेळ्या. तुझ्या डोळ्यासमोर.”

अंगद कसनुसा हसला. “दाखवलं तर मी हात जोडून वापस जातो. पण मग कुणी हात लावायचा न्हाई. राधिकाताईनं बी न्हाई.”

“मंजूर!” मी मांडी थोपटली.

मागून वहिनीचा आवाज आला, “भाऊजी, कुस्ती माझी, अन् हात मिळवून तुमी मोकळे?”

अंगदची गाडी गेल्यावर ओसरीवर रडारड सुरू झाली. राधिका म्हणे, सगळी चूक माझी. “शिकवताना त्यांनी बराबर सांगितलं होतं, माणसाला जेवढं जमतं तेवढं त्याचं त्यालाच करू द्या. पण अण्णा, तिकडं शिकवणं वेगळं. इथं गल्ली बघत असती! मी पगार घ्यायचा अन् मावशीनं पाणी भरायचं? माझी सासू मला घरात घेईल का?”

“घेणार न्हाई,” मी म्हणालो. तिची सासू मला माहीत होती.

चाँदबी इतका वेळ दारात बसून शेळ्यांना पाला टाकत होती. वहिनीच्याच शेळ्या. वहिनी नांदेडला गेली तेव्हा चाँदबीनं त्या अर्धलीनं घेतल्या होत्या. आमच्याकडची ही जुनी रीत आहे. शेळी मालकाची, चारापाणी सांभाळणाऱ्याचं, आणि झालेली पिलं दोघांत निम्मी निम्मी. मालकाची शेळी मालकाचीच राहते आणि सांभाळणारा काही उपकार करत नाही. त्यामुळं कुणाची मान खाली जात नाही.

चाँदबी म्हणाली, “अगे माँ, रोना क्या उसमें? बकरी अर्धलीनं देते ना? तशी ह्या बुढ्ढीला अर्धलीनं घ्या.”

“म्हंजे?” राधिकानं डोळे पुसले.

“म्हंजे आधा तिचा, आधा अपना. पाणी तू आण, अंगावर ती घेईल. पीठ तू काढ, भाकर ती थापेल. कोणतंच काम पूरा तू नको करू, पूरा ती नको करू. कुणी पूछलं तर बोलायचं, हमारा सौदा है. अर्धलीत शरम नसती.”

मी वहिनीकडं बघितलं. अंगद आल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं होतं. “आन् पिलं झाली की निम्मी कुणाला?” तिनं विचारलं, आणि चाँदबीनं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवलं आणि मी वहिनीच्या दारात हजर. म्हातारा झालो तरी वस्ताद तो वस्ताद. राधिकाही आली. मी म्हणालो, “आज फक्त उठून बसायचं. राधिका, हात पाठीमागं बांध.”

“बांधू?”

“बांध म्हंजे मागं धर. तुझ्या हातावर माझा इस्वास न्हाई.”

वहिनी कुशीवर वळली. कोपर टेकलं. थरथरली. राधिकाचे हात दोनदा सुटून पुढं आले, मी दोनदा डोळे वटारले. वहिनी उठून बसली तेव्हा घामानं न्हाली होती आणि मी आनंदानं असा ओरडलो की नाक्यावरच्या ढाब्यातला लालसिंग चहाची किटली हातात घेऊन पळत आला. त्याला वाटलं, म्हातारी गेली.

“गई क्या?”

“बसली!” मी म्हणालो.

“बैठी? तो बैठने का इतना शोर?” पण त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

तिथून जे सुरू झालं त्यानं गल्लीला येड लावलं. मी ढाब्याच्या मांडवातले जुने बांबू मागून आणले. बाजेपासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून परसातल्या संडासापर्यंत कमरेइतक्या उंचीवर आडवे बांधले, धरून चालायला. उंबरा उंच होता. तो तासायला वहिनी तयार होईना. म्हणे, माझ्या सासऱ्यानं बसवलेला उंबरा आहे. मग आतून आणि बाहेरून फरशीची एकेक पायरी ठेवली. चूल जमिनीवर होती, खाली बसलं की वहिनीला उठवत नव्हतं. चाँदबीनं ती उचलून विटांच्या ओट्यावर मांडली, मातीनं लिंपून घेतली. समोर लाकडी स्टूल. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. उभ्यानं नाही तर स्टुलावर बसून सैपाक करायची चूल त्यांनी कधी पाहिली नव्हती. एकजण म्हणाली, “सत्यभामाबाई, तुमी तर हाटेल टाकलं.”

“तुला उधार न्हाई,” वहिनीनं आतून सांगितलं.

टोमणेही आले. राधिकाची सासू सोजराबाई दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलली, “काय दिवस आले माय! सून पगार खाती अन् म्हातारी भाकऱ्या बडवती.”

राधिकाचं तोंड उतरलं. तिचा हात आपोआप पिठाकडं गेला. वहिनीनं तो काथवटीवरून बाजूला केला आणि ओरडली, “सोजरे, अर्धलीचा सौदा हाय आमचा! तुला मधी काय तकलीफ? तुला बी यायचं का अर्धलीनं?”

सोजराबाई पुढं निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी चूल बघायला आलीच.

पहिली भाकरी करपली. दुसरी फाटली. तिसरी फुगली, तव्यावरच टम्म फुगली, आणि राधिकानं टाळ्या वाजवल्या. ती भाकरी आम्ही देवळातल्या प्रसादासारखी घास घास वाटून खाल्ली. मी तर म्हणतो, तसली भाकरी मी जन्मात खाल्ली नाही. मीठ विसरलं होतं, तरी म्हणतो.

गणपती बसले. महालक्ष्म्या झाल्या, गणपती उठले. वहिनी बांबू धरून न्हाणीपर्यंत, मग बांबूला नुसती बोटं लावून, मग काठीवर परसात. अर्धली बरोबर चालू होती. घागर राधिका भरून ठेवायची, तांब्यानं पाणी वहिनी घ्यायची. पाठ राधिका चोळायची, लुगडं वहिनी नेसायची. गोळ्या राधिका मांडायची, घ्यायची वेळ वहिनी स्वतः ध्यानात ठेवायची. वाशिमची सकाळची एसटी हॉर्न देऊन गेली की पहिली गोळी. नवरात्रात तिनं चाँदबीला सांगितलं, “माझ्या बकऱ्या वापस कर.”

“अन् मेरा हिस्सा?”

“पिलं झाली की घे. रात्री तुझ्या गोठ्यात राहू दे, दिवसा माझ्या परसात बांध. निम्मी निम्मी.”

अशा हिशेबानं शेळ्यासुद्धा दोन्हीकडच्या झाल्या.

मला रात्री झोप येईना. उद्या दसरा, परवा जीप. कुस्तीच्या आदल्या रात्री पैलवानाला झोप येत नाही, तसं माझं झालं. ढाब्यावरची म्हातारी मंडळी मला चिडवायची, “भुजंग, म्हातारीला खुराक काय चालू हाय? बदाम का खारीक?” मी म्हणायचो, येऊन बघा. आणि ती खरंच आली.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत जीप गल्लीत शिरली. अंगद उतरला. मागं सीटवर गादी अंथरलेली, आईला आडवं नेता यावं म्हणून. पोरानं मनात सगळं ठरवूनच आणलं होतं.

वहिनी ओसरीवर उभी होती. काठी धरून, पण उभी. अंगद बघतच राहिला.

“पाय धू,” ती म्हणाली. “पाणी तिथं हाय.”

मी गल्लीला आदल्या दिवशीच बजावलं होतं. आज आखाड्यात पैलवानाला कुणी शिवायचं नाही. काही झालं तरी नाही. बोलायचं नाही, खुणावायचं नाही. राधिकाला तर मी चाँदबीच्या भिंतीपलीकडं उभी केली. भिंतीवर डोकीच डोकी. लालसिंग ढाबा पोराच्या ताब्यात देऊन आला होता. सोजराबाई सगळ्यात पुढं.

आणि काय सांगू, वहिनी खेळली! घागर उचलणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं, तर लहान चरवीनं खेपा घातल्या. अंघोळ करून, कोरं लुगडं नेसून बाहेर आली तेव्हा भिंतीवरून कुणीतरी शिट्टी मारली. चुलीला जाळ घातला. स्टुलावर बसून भाकरी थापली, पिठलं हाटलं. अंगदपुढं ताट ठेवलं तेव्हा ताट जरा कलंडलं, पिठलं काठावर आलं, आणि पंधरा-वीस माणसांनी एकदम श्वास ओढला. पडलं नाही. अंगद खाली मान घालून जेवला. दुसरी भाकरी मागून घेतली. मी मनात म्हटलं, अर्धी कुस्ती मारली.

ऊन कललं. आता शेळ्यांना पाला टाकला, दावी बदलली की संपलं. दिवे लागायला फार वेळ नव्हता. वहिनी काठी टेकत परसात गेली. पाल्याची पेंढी सोडली. थोरली शेळी आधाशी, तिनं पेंढीवर झडप घातली, दावं वहिनीच्या पायाला वेढलं, आणि वहिनी खाली बसली. आपटली नाही, हळूच, मातीची भिंत खचावी तशी बसली आणि कुशीवर कलंडली. काठी लांब गेली.

भिंतीवरची डोकी पुढं वाकली.

राधिका भिंतीवर चढली. मी हात वर केला, थांब. अंगद ओसरीवरून दोन पावलं धावला आणि मधेच थांबला. अट त्याचीच होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. दोघंही खांबासारखे. वहिनीनं कोपर टेकलं, जोर लावला, पाय दाव्यात अडकलेला, ती परत खाली. पुन्हा जोर लावला. पुन्हा खाली. शेळी बाजूला उभी राहून पाला खात होती. एवढी माणसं होती, आणि हलत होतं ते एका शेळीचं तोंड.

“अरे, काय बघून राहिले रे समदे?” वहिनी कडाडली. “तमाशा हाय का? राधिके! ये इकडं!”

“मावशी, अण्णांनी नको म्हणलं…”

“अण्णाला घाल आखाड्याच्या मातीत! मी बोलवते ना? ये!”

राधिकानं भिंतीवरून उडीच टाकली. तिच्या मागं चाँदबी, दारातून वळसा घालून, पदर खोचत. राधिका बगलेत हात घालणार तेवढ्यात वहिनी म्हणाली, “उचलू नको. पायाचं दावं काढ. हां. आता मागं बस अन् माझ्या पाठीला गुडघा लाव. चाँदबी, तू त्या भवानीला धर. वढू नका मला. जोर मी लावते.”

ती कुशीवर वळली, हातांवर आली, गुडघ्यावर आली. राधिकाच्या खांद्यावर एक हात ठेवला आणि उभी राहिली. लुगड्याची माती झटकली. काठी मागितली.

भिंतीवरची माणसं ओरडली, शिट्ट्या वाजल्या. पण माझं तोंड कडू झालं होतं. अट मोडली होती. मी अंगदजवळ गेलो आणि म्हणालो, “हरलो बाबा आपुन. तू सांगितलं होतं कुणी हात लावायचा न्हाई.”

“कोण हरलं?” वहिनी काठी आपटत ओसरीवर आली. “भाऊजी, तुमी कुस्ती कुस्ती करून डोकं खाल्लं माझं. एकटीनं म्हंजे काय कुणी नसताना? या गल्लीत कुणाचं कुणावाचून चाललं कधी? तुमच्या घरात इस्तू न्हाई ऱ्हायला तर माझ्या चुलीतला नेता, तवा तुमी पांगळे होता काय?”

ती अंगदकडं वळली. आवाज खाली आला.

“तुला एक सांगते. वाळूजला बी पडले होते मी. मोरीत.”

“कधी?” अंगदचा रंग उडाला. “आई, कधी? सुकन्यानं मला सांगितलं न्हाई!”

“तिला तरी कुठं ठावं? सूनबाई गेली कामाला, तू गेला कंपनीत. दार बंद. मी हाका मारल्या. शेजारी टीव्ही चालू होता, गाणी ऐकू येत होती. मला त्यांचं ऐकू येत होतं, माझं त्यांना न्हाई. सरकत सरकत बाहेर आले, भिंतीला टेकून बसले. सुकन्या आली तवा म्हणलं, बसल्या बसल्या डोळा लागला. तुमचा दोघांचा दोष न्हाई. तुमाला पोट हाय. पण आता मी पडले, एक हाक मारली, अन् ही बया भिंतीवरून आली. तू जीपीत गादी टाकली माझ्यासाठी. पण तिकडं गादीवरून हाक मारली तर कोण ऐकंल, लेकरा?”

अंगद ओसरीच्या कडेला बसला. मग त्यानं राधिकाला विचारलं, “ताई, तुमी ह्याला अर्धली म्हणता म्हणे. निम्मं आईचं, निम्मं तुमचं. मग माझं काय उरलं?”

राधिका गोंधळली. चाँदबी पटकन म्हणाली, “तेरा? तू तो मेहमान. पिठलं खा अन् जा.”

सगळे हसले. अंगदही हसला, पण डोळे पुसत. “न्हाई मावशी, मला बी हिस्सा पाह्यजे.”

“मग घे ना,” वहिनी म्हणाली. “परसातली ती खाचखळग्याची जागा कोण सपाट करणार? राधिका? का हा म्हातारा पैलवान? दोन दिवस रजा टाक. अन् महिन्याला एक बार येऊन जात जा. राधिकाच्या सुट्टीचा दिवस तुझा. सैपाकात मी निम्मी, तू निम्मा.”

“मला भाकर येत न्हाई.”

“मला बी येत न्हवती पोळ्याला.”

अंगद उठला. मला वाटलं, पाया पडेल. पण त्यानं सरळ आईच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि तिला पायरीवरून आत न्यायला उचललं, पोटच्या पोराला उचलावं तसं. वहिनीनं फाडकन त्याच्या हातावर चापट मारली.

“सोड! हेच तर शिकायचं हाय तुला. हात नुसता पुढं कर. धरायचं का न्हाई ते मी बघते.”

त्यानं हात पुढं केला. तिनं जरा वेळ त्याला तसाच ठेवला. मग धरला, आणि पायरी चढली.

बाहेर जीपवाला कंटाळला होता. हॉर्न वाजवून विचारत होता, “साहेब, निघायचं का न्हाई? म्हातारी कुठं हाय?”

“म्हातारी घरात हाय,” वहिनी आतूनच ओरडली. “ती गादी काढून आत आण, अन् जेवून जा. पिठलं हाय अजून.”

जीपवाल्यानं गादी आणली. सोजराबाई भिंतीवरून उतरून केव्हाच आत शिरली होती आणि त्या गादीवर हात दाबून बघत होती. तिनं राधिकाला जवळ बोलावलं, आणि हळू बोलल्यासारखं करून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “काय गं, आपल्या घरी बी ती चूल वर मांडता येईल का? माझे बी गुडघे आता राह्यले न्हाईत.”

राधिका हसायला लागली ती थांबेचना. चाँदबी शेळ्या रात्रीसाठी आपल्या गोठ्यात न्यायला बाहेर दावी सोडत होती. मी तिला हात द्यायला गेलो, तर म्हणाली, “एकच पकडो, भुजंगभाई. दुसरी माझी.”